पाणथळ कुठे संपते, परडे कुठे सुरू होते?

वाचकांचे प्रश्न : जमीन, बांधकाम आणि गावचे नियम

या वेळच्या बहुतेक पत्रांत भांडण एका शब्दावरून आहे. कर्नाटकातल्या बेळगाव भागात जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नियम इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, त्यामुळे 'वेटलँड', 'तरी', 'खराब', 'यार्ड', 'खुल्ला जागा' हे शब्द एकमेकांच्या जागी बसवले जातात आणि त्यातून घरे अडतात, ओढे बुजतात. म्हणून शब्द सांगताना टेप कुठून धरायची तेही प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे.

प्रश्न : आमची दीड एकर भातजमीन आहे. आकारबंदात (सर्व्हे नंबरांचे क्षेत्र आणि सारा यांची सरकारी नोंदवही) ती 'तरी' लागली आहे. कोपऱ्यात घर बांधायचे म्हटले तर एकजण सांगतो, तरी म्हणजे वेटलँड, तिथे वीटसुद्धा लावता येत नाही. खरे काय? (खानापूर तालुका)

उत्तर : नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत. तरी, खुश्की आणि बागायत हे महसुली वर्ग आहेत. पाण्याखाली घेतलेल्या भातजमिनीला तरी म्हणतात, कोरडवाहूला खुश्की. सारा ठरवण्यासाठी केलेली ही वर्गवारी आहे. इंग्रजीत 'तरी'चे भाषांतर 'वेट लँड' असे दोन शब्दांत होते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पर्यावरणाच्या कायद्यातली पाणथळ जागा म्हणजे केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतली. तिची व्याख्या फार रुंद आहे. दलदल असो वा पाणी, नैसर्गिक असो वा माणसाने केलेले, कायमचे असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, सगळे तिच्यात येते. पण पुढच्याच ओळीत नदीचे पात्र, भातशेती, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि खास सिंचन, मत्स्यपालन, मीठ किंवा करमणूक यांसाठी केलेली बांधकामे वगळली आहेत. तेव्हा भाताचे खाचर या नियमांत येत नाही.

याचा अर्थ घराला मोकळीक आहे असा मात्र घेऊ नका. शेतजमीन बिगरशेती करून घेण्याची पायरी (कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४, कलम ९५) आहेच. त्यानंतर बांधकामाची परवानगी, तीही पंचायत हद्दीत वेगळी आणि नगर नियोजनाच्या हद्दीत वेगळी. आणि कागदापलीकडचे एक. खाचराचा कोपरा भरून उंच केलात, तर वरच्या खाचराचे पाणी तुमच्या भिंतीला तुंबणार. भराव टाकण्याआधी वरच्या बांधाची मोरी कुठे उतरते ते आषाढात उभे राहून पाहा, उन्हाळ्यात ते दिसत नाही.

प्रश्न : उताऱ्यावर क्षेत्र २ एकर १४ गुंठे, पण 'खराब' ७ गुंठे दाखवले आहे. आमचे जुने खळे त्यात आहे असे वडील सांगत. शेजारी म्हणतो तो सरकारी ओढा. ठरवायचे कसे? (बेळगाव तालुका)

उत्तर : दोघेही अर्धे बरोबर असू शकता. उताऱ्यावर कन्नडमध्ये 'फूट खराब' लिहिलेले असते, तोच आपला पोटखराब. तो एका आकड्यात कधीच वाचायचा नाही. रकाना ३ मध्ये त्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग असतात.

खराब 'अ' म्हणजे मोजणीच्या वेळी पिकाला नालायक ठरलेला भाग. कर्नाटक जमीन महसूल नियम १९६६ च्या नियम २१(२) मध्ये धारकाची शेतावरची इमारत आणि मळणीचे खळे यांचा समावेश नावानिशी 'अ'मध्ये केला आहे. ही जागा तुमच्याच धारणेतली, फक्त तिच्यावर सारा नाही. खराब 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, रस्ता किंवा मान्य पायवाट, इतरही लोक शेतीला किंवा प्यायला वापरतात असा तलाव वा ओढा, स्मशान, कुंभारांना दिलेली जागा. ती तुमच्या सर्व्हे नंबराच्या पोटात असली तरी तुमची नाही.

तुमच्या ओळीत एकूण २-१४, खराब अ ०-०३, खराब ब ०-०४, बाकी २-०७ असे लिहिले असेल, तर खळे तीन गुंठ्यांत आणि ओढा चार गुंठ्यांत. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चार गुंठ्यांचा ओढा १५ फूट रुंद धरला तर त्याची लांबी सुमारे २९० फूट भरते. शेतात जाऊन पावलांनी मोजा, ओढा खरोखर तेवढा लांब आहे का ते लगेच कळेल. लांबी जुळते पण रुंदी सहाच फूट उरली असेल, तर कोणीतरी काठ नांगरला आहे.

एवढ्यावर न थांबता तीन कागद काढा : आकारबंद, मूळ मोजणीची टिप्पणी (मोजणीच्या वेळी काढलेला मापांचा नकाशा) आणि गावनकाशा. उताऱ्यावरचा आकडा संगणकात चढवताना 'अ'चा 'ब' झालेला असू शकतो, तेव्हा आकारबंद प्रमाण धरा. खराब कोणत्या बाजूला आहे ते उतारा सांगत नाही, ते टिप्पणीत दिसते. त्यानंतर सरकारी मोजणीचा अर्ज करा आणि सर्व्हेअर येईल त्या दिवशी चारही बाजूंचे कब्जेदार हजर ठेवा. मोबाईलवरचे दिशांक ॲप सर्व्हे नंबर कळायला चांगले आहे, पण फोनचा जीपीएस काही मीटर चुकतो. सहा फुटांचा ओढा त्यावर ठरवू नका.

खरेदी घेणाऱ्यांची चूक नेहमी एकच असते. खरेदीखतात २-१४ लिहून पैसेही २-१४ चे मोजले जातात. 'ब'चे चार गुंठे विकायचा हक्क विकणाऱ्याला नव्हताच. ओढे, नाले, तलावांचे तळ सरकारचे आहेत असे जमीन महसूल कायद्याचे कलम ६७ सांगते, आणि कलम १०४ खाली अतिक्रमण थेट काढता येते. त्या चार गुंठ्यांवर बांधलेली भिंत खरेदीखत दाखवून वाचत नाही.

प्रश्न : तलावापासून ७५ मीटर सोडायचे, ५० सोडायचे की ३०? प्रत्येकजण वेगळे सांगतो. आमचा प्लॉट पाण्यापासून साधारण ६० मीटर आहे. (बेळगाव)

उत्तर : ७५ मीटर हा आकडा बेंगळुरूचा. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये तिथल्या तलावांसाठी तो घातला होता, सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी तो रद्द केला. ३० मीटरचा आकडा तिथल्या विकास आराखड्यातही आहे. बेळगावचा प्लॉट बेळगावच्या आराखड्यातले झोनिंगचे नियम आणि राज्याचा तलावांचा कायदा पाहून ठरवायचा. बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) त्या सर्व्हे नंबराचा जमीन-वापराचा दाखला लेखी घ्या.

५० मीटरचा आकडा २०१७ च्या केंद्रीय नियमांतला आहे. अधिसूचित पाणथळ जागेत आणि तिच्या ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम चालत नाही, बोटीचा धक्का तेवढा अपवाद. शिवाय उपग्रह नकाशांवरून नोंदलेल्या, २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना अधिसूचना निघेपर्यंत तसेच संरक्षण द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे. २.२५ हेक्टर म्हणजे सुमारे ५ एकर २२ गुंठे. तुमचा तलाव याहून मोठा असेल तर तो त्या यादीत आहे का, ते आधी विचारा.

आता टेप कुठून धरायची ते. आज दिसणाऱ्या पाण्यापासून मुळीच नाही. नियम लागू झाले त्या आधीच्या दहा वर्षांतल्या पुराच्या पातळ्यांची सरासरी घ्यायची आणि ती पातळी जमिनीला जिथे टेकते तिथून ५० मीटर मोजायचे. सपाट भागात याने सगळे उलटसुलट होते. जमिनीचा उतार १०० मीटरला १ मीटर असेल तर पाण्याची पातळी फक्त ३० सेंटिमीटर चढली की काठ ३० मीटर मागे सरकतो. तुमचे ६० मीटर मार्चमधल्या काठापासून मोजलेले असतील, तर श्रावणात त्यातले निम्मे पाण्याखाली असू शकतात.

स्वतः अंदाज घ्यायचा तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. तलावाला सांडवा असेल तर नळीचे एक टोक सांडव्याच्या माथ्यावर धरा, पाणी तिथवर चढले की तलाव भरून वाहतो. दुसरे टोक प्लॉटकडे नेत जा, नळीतल्या पाण्याची पातळी जिथे जमिनीला मिळते तिथे खुंटी ठोका. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप खोटे येते, म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे उभे राहते का पाहा. लांब अंतर टप्प्याटप्प्याने घ्या आणि उलट मोजत परत या. परतीच्या मापात दोन बोटांपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा सुरुवात करा. या खुंटीला कायद्याची किंमत नाही, पण प्लॉट घ्यायचा की नाही हे ठरवायला ती पुरेशी आहे.

आणि तलाव खास सिंचनासाठी बांधलेला म्हणून २०१७ च्या नियमांतून सुटला, तरी त्याचा तळ सरकारीच आहे आणि तलावांसाठी राज्याचा २०१४ चा वेगळा कायदा आहे. एका नियमातून सुटला म्हणजे सगळ्यांतून सुटला, असे होत नाही.

प्रश्न : गावातली डबकी, कुंटे (लहान तळी) आणि ओढ्याकाठची दलदल वाचवण्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. 'पाणथळ'ची व्याख्या कशी लिहावी? (एक पंचायत सदस्य)

उत्तर : प्रश्न योग्य वेळी विचारलात. व्याख्या चुकली की ठराव पहिल्याच तक्रारीत पडतो. दोन मसुदे आम्ही वारंवार पाहतो आणि दोन्ही निकामी आहेत. 'जिथे पाणी साचते ती जागा' असे लिहिले की जुलैत सगळा शिवार पाणथळ ठरतो आणि शेतकरी ठरावाच्या विरोधात उभे राहतात. 'जिथे बारमाही पाणी असते ती जागा' असे लिहिले की मार्चमध्ये आटणारी सगळी डबकी गळतात. बेडूक, पाणपक्षी आणि गुरांचे पाणी तर त्यांच्यावरच चालते.

आमचा सल्ला, पाऊस उघडल्यापासून दिवस मोजा. मसुदा असा चालेल :

'पाणथळ जागा म्हणजे सोबतच्या नकाशात क्रमांक घालून दाखवलेली जागा, जिथे साधारण पावसाच्या वर्षी पाऊस उघडल्यावर निदान साठ दिवस जमिनीवर किंवा जमिनीखाली एका फुटाच्या आत पाणी राहते, आणि जिथे पाणवनस्पती किंवा पाण्याने रंग पालटलेली माती यांपैकी एक तरी खूण आढळते. पिकाखालची भातखाचरे, शेततळी, विहिरी आणि कालव्याच्या किंवा उसाच्या पाण्याने चिबडलेली शेते यांत धरू नयेत.'

हस्त-चित्रा सरल्यापासून साठ दिवस म्हणजे मार्गशीर्ष उजाडतो. तोवर नुसते साचलेले पाणी मुरून जाते, खरी पाणथळ ओली राहते. अमेरिकेत पाणी, माती आणि वनस्पती अशा तिन्ही खुणा मागतात, तिथल्या लष्करी अभियंता दलाची १९८७ ची पुस्तिका त्याच रीतीवर बांधलेली आहे. गावपातळीवर पाणी आणि बाकीच्या दोहोंतली एक एवढे पुरे.

माती पाहायला दोन फूट खोल खड्डा घ्या. फावड्याने कापलेली बाजू घासून गुळगुळीत होते आणि तिच्यावर काही दिसत नाही, म्हणून ढेकूळ हाताने फोडा. मुळांच्या वाटेने गंजासारख्या तांबूस रेघा आणि मध्ये राखाडी-निळसर माती दिसली, कुजक्या अंड्याचा वास आला, की तिथे पाणी बराच काळ थांबते. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीत हे ठळक दिसते. येळ्ळूर-निपाणीकडच्या काळ्या रानात रंगाने सगळे झाकले जाते, तिथे मातीवर विसंबू नका, पाणीच मोजा. आणि खड्डा भाताच्या खाचरात घेऊ नका. चिखलणी करून करून तिथली मातीही तशीच राखाडी झालेली असते, त्यावरून वाद लावणारा जिंकेल.

वनस्पतींत पाणकणीस आणि कुमुदिनी या भरवशाच्या खुणा. नागरमोथा उसातही उगवतो, बेशरम गटाराकाठीही. त्या दोन्ही पुरावा म्हणून लिहू नका.

पाण्यासाठी मध्यभागी फुटांच्या खुणा केलेला वासा रोवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला, वासा दिसेल असा फोटो काढून वहीत नोंद करा. निदान एक पूर्ण वर्ष. नकाशात प्रत्येक जागेचा सर्व्हे नंबर, काठावरच्या चार पक्क्या खुणा (बांधाचा दगड, जुने झाड, मोरी, विजेचा खांब) आणि त्यांपासूनची अंतरे लिहा. नकाशा नसलेली व्याख्या कोणी पाळत नाही.

मर्यादाही लक्षात ठेवा. पंचायतीचा ठराव राज्याच्या कायद्यावर चढत नाही आणि नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत झोन बदलण्याचा अधिकार पंचायतीला नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीची जैवविविधता समिती असते, तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही डबकी क्रमांकासह चढवा. पुढे कोणी भराव टाकला तर दाखवायला तारखेची नोंद असेल.

प्रश्न : नमुना ९ वर (पंचायतीचा मालमत्तेचा उतारा) घराचे माप आहे, मागच्या परड्याचे नाही. कन्नडमध्ये मागे 'खुल्ला जागा' लिहिले आहे. परडे आमचे की गावठाणाचे? (निपाणी भाग)

उत्तर : 'खुल्ला जागा' म्हणजे नुसती मोकळी जागा, कोणाची ते त्यातून कळत नाही. घरामागच्या परड्याला कन्नडमध्ये 'हित्तल' म्हणतात आणि तो शब्द घराशी बांधलेला आहे. लिहिणाऱ्याने परड्याला 'खुल्ला जागा' लिहिले की एका पिढीनंतर तीच जागा गावची म्हणून पुढे येते.

जुने वाटणीपत्र, खरेदीखत आणि पंचायतीच्या कर आकारणी वहीचा उतारा काढा आणि चतुःसीमा वाचा. जुन्या खतात तुमच्या घराच्या मागे 'परडे व त्यापुढे अमक्याचे घर' असेल तर बाजू भक्कम. शेजाऱ्याच्या खतात त्याच्या सीमेला तुमचे परडे लिहिले असेल तर ते त्याहून मोलाचे, कारण तो पुरावा तुम्ही तयार केलेला नाही. दुरुस्तीच्या अर्जात 'हित्तल, सदर मालमत्तेचा भाग' असे शब्द आणि माप दोन्ही मागा.

माप घेताना कर्ण घ्यायला विसरू नका. समजा परड्याच्या बाजू क्रमाने ३२, ४१, २८ आणि ३९ फूट आहेत. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी गुणली तर ३० गुणिले ४०, १२०० चौरस फूट येतात. पण मधला कर्ण ४४ फूट भरला तर दोन त्रिकोणांचे मिळून क्षेत्र सुमारे ११६५ च होते. सरासरीची रीत वाकड्या जागेत नेहमी जास्तच दाखवते, आणि तेवढ्याच ३५ चौरस फुटांवरून पुढे बांधाचे भांडण लागते.

प्रश्न : सेटबॅक (हद्दीलगत सोडायची मोकळी जागा) भिंतीपासून मोजतात की छपराच्या वळचणीपासून? (शहापूर)

उत्तर : सर्वसाधारणपणे प्लॉटच्या हद्दीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. वळचण, सज्जा, पायऱ्या किती पुढे येऊ शकतात हे नियमात वेगळे दिलेले असते, तेवढेच चालते. पुढच्या बाजूला गटाराचा काठ हद्द धरू नका. आराखड्यात रस्ता रुंद दाखवला असेल तर पुढचे अंगण त्या नव्या रेषेपासून मोजले जाते. ३० बाय ४० च्या प्लॉटवर चारी बाजूंनी एकच मीटर सोडले तरी बांधायला साधारण २३ बाय ३३ फूट उरतात, हा हिशेब प्लॉट घेतानाच करा. आणि छपराचे पाणी आपल्याच हद्दीत पडेल असे पन्हाळ लावा. बोळातली निम्मी भांडणे त्या एका पन्हाळाने मिटतात.

प्रश्न : शेजाऱ्याने आवारात भंगाराचा साठा केला आहे. तो म्हणतो, हे माझे यार्ड. (चिक्कोडी)

उत्तर : इंग्रजी नियमांत 'यार्ड' दोन अर्थांनी येतो, घराभोवती सोडायची मोकळी जागा आणि माल साठवायची जागा. पहिला अर्थ बांधकामाच्या मापाचा, दुसरा जमिनीच्या वापराचा. सेटबॅक म्हणून सोडलेल्या जागेत भंगार रचले तर तो दुसरा वापर झाला, आणि निवासी झोनमध्ये त्याला स्वतंत्र परवाना लागतो. तक्रारीत 'यार्ड' शब्द वापरूच नका. 'निवासी जागेचा व्यापारी साठवणीसाठी वापर' असे लिहा, सोबत तारखेचे फोटो आणि हद्दीपासून ढिगाचे अंतर फुटांत द्या. ढिगाखालून तेल किंवा बॅटरीचे पाणी ओढ्याकडे उतरत असेल तर तोच अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळालाही पाठवा आणि पोच घ्या.